दमाने

डाव्या हाताची तीन बोटं करवतीनं घेतली.
स्मोल्यानच्या वरच्या गावातून प्लोवदिवपर्यंत
ती आली बर्फावर, डब्यात, त्याच्या बायकोच्या मांडीवर.

फुफ्फुसांना काहीच झालं नव्हतं.
मी तसं लिहिलंही: छाती स्वच्छ.
वेलिच्को, वय सत्तेचाळीस, लाकडाच्या गिरणीत कामाला.
रविवारी गायदा वाजवतो:
बकरीच्या अख्ख्या कातड्याची पिशवी,
तोंडानं फुगवायची, काखेत दाबायची, बोटांनी बोलती करायची.
"हवा भरपूर आहे माझ्याकडे," तो म्हणाला,
"बोटं तेवढी बघा."
मग मी त्याला झोपवलं.

आपण श्वास घेतो. घेतो म्हणजे ओढतो.
बरगड्या उचलल्या जातात, आत जागा होते,
आणि हवा बोलावल्यासारखी येते.
यंत्र बोलावण्याची वाट बघत नाही.
चारशे वीस मिलिलिटर, मिनिटाला बारा वेळा,
एकाही वेळी कमी नाही, जास्त नाही.
फुंकर नव्हे ती. रेटा.

काही मिनिटांतच पाठीकडचा भाग मिटायला लागतो.
श्वासपटल मीच सैल केलेलं,
पोटाच्या वजनानं वर सरकतं.
वायुकोश ओल्या पानांसारखे एकमेकांना चिकटतात.
उरलेल्या उघड्या भागावर मग सगळ्यांचा भार,
जसे गिरणीत दोन गडी आजारी पडले
की तिसऱ्याच्या खांद्यावर ओंडके.
त्याचा काय गुन्हा? तो धडधाकट, एवढाच.

मानोलोव भिंगातून शीर शिवत होता,
दोरा केसाहून बारीक.
सगळे हाताकडे बघत होते.
छाती माझ्याकडे होती.

सातव्या तासाला ऑक्सिमीटरचा सूर उतरला.
नव्व्याण्णव, सत्त्याण्णव, चौऱ्याण्णव.
वेलिच्को जागा असता तर
आकडा न बघता त्यानंच आधी ओळखलं असतं.

मला आई आठवली.
मिरच्या भाजताना मधूनच सुस्कारा टाकायची.
काय झालं? मी चिडून विचारायचे.
काही नाही, म्हणायची.
तिला काहीतरी लपवायचंय, असं मला वाटे
वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत.
शरीर अधूनमधून आपणहून एक मोठा श्वास घेतं,
मिटलेलं उघडायला.
दुःखाचा त्याच्याशी संबंध असतोच असं नाही.

यंत्राला सुस्कारा येत नाही.

"पंधरा सेकंद सुई थांबवा," मी म्हणाले.
मानोलोवनं डोळा न काढता हात उचलला.
मी पिशवी मुठीत घेतली, दाबली, दमाने,
तीसपर्यंत नेली आणि तिथेच धरली.
छाती उंच, आणखी उंच.
रक्तदाब एकशेदहावरून ऐंशीवर.
इस्क्राचा अंगठा सिरिंजवर तयार.
तेरा. चौदा. सोडली.

सूर हळूहळू वर चढला.
मी तळाशी थोडी जास्त हवा राखायला सांगितली यंत्राला,
दार पूर्ण लागू नये म्हणून
खाली लाकडाची चिपटी सारतात, तशी.

अकरा तास.
सात हजार नऊशे वीस श्वास,
त्यातला एकही त्याचा नाही.

दुसऱ्या दिवशी दोन बोटं गुलाबी होती.
तिसरं अजून ठरवत होतं.
अंगात कणकण, आणि पाठीला स्टेथोस्कोप लावला
तर उजवीकडे खाली
कुणी कोरड्या पानांवरून चालल्यासारखं.

त्याला तीन चेंडूंची प्लास्टिकची नळी दिली.
"ओढायचं. फुंकायचं नाही."
आयुष्यभर फुंकलेला माणूस. दोनदा चुकला.
तिसऱ्यांदा एक चेंडू उठला, अर्ध्यावर लटपटला, पडला.
खोकला आला, तो बराच वेळ थांबेना.
बायकोनं छातीवर उशी दाबून धरली.

मग कुणी न सांगता,
पट्ट्यांत गुंडाळलेल्या हाताकडे नाही, खिडकीकडे बघत
त्यानं एक लांब सुस्कारा टाकला.

"काय झालं?" ती घाबरली.

"काही नाही."

मी तक्त्यावर वेळ लिहिली.