जानेवारीतलं ऊन

वार्डोला नोव्हेंबरअखेर सूर्य बुडतो
तो जानेवारी अर्धा सरल्यावरच वर येतो.
मधल्या दिवसांत सगळं गावच थकवा घेऊन येतं माझ्याकडे.
म्हणून ओसलौग आली तेव्हा
ती खुर्चीत टेकायच्या आधीच
मी टाइप केलं होतं : काळोखाचा मोसम.

ती सांगत होती.
उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते,
स्कर्ट कमरेवर ठरत नाही,
गळाला आमिष लावता लावता हात थांबतात,
दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.
मी मान हलवत होतो. मान हलवणं मला छान जमतं.
बाहेर सात जण, त्यात एक खोकणारं पोर,
आणि रक्ताचे रिपोर्ट जवळजवळ ठीक.
त्या ‘जवळजवळ’वर अंगठा ठेवून मी पुढे सरकलो.

“रंग मात्र झकास चढलाय. दक्षिणेला जाऊन आलात?”
ती हसली. “कुठली दक्षिण, डॉक्टर!
भाच्याच्या बोटीपलीकडे गेले नाही.”
मीही हसलो.

दाराच्या मुठीवर हात ठेवून ती वळली :
“आणि हल्ली मीठ खाते, नुसतं, चमच्याने. वेड लागलं असेल.”

बावीस वर्षं, दर नाताळात,
तिने खारवलेला कॉड माझ्या घरी आला होता.
खाल्ल्या मिठाला जागायची वेळ
इतकी सरळ समोर उभी राहिली,
आणि मी म्हणालो, रक्तदाब कमीच आहे, खा की.
वर उजेडाचा दिवा लिहून दिला,
रोज सकाळी अर्धा तास.

अकराव्या सकाळी ती त्याच दिव्याखाली सापडली.

रुग्णविमान. किर्केनेस.
रात्रपाळीला कुणी हेनिंग, धड दाढीही न फुटलेला.
त्याने तिचा तळहात उलटून रेषा पाहिल्या.
काळ्या.
मग हिरड्या.
मग मला फोन, अगदी अदबीनं :
“सात आठवडे सूर्य नाही इथे.
या बाई उन्हात गेल्या कुठे?”

मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन चिमुकल्या ग्रंथी,
त्या कधीच विझत आल्या होत्या.

दिसलं नाही, असं मला म्हणता येत नाही.
दिसलं होतं. वर कौतुकही केलं होतं.

ती वाचली. गोळ्या घेते.
यंदाही कॉड ठेवून गेली, काही न बोलता.
भिजत घातलाय. मीठ उतरायला तीन दिवस लागतात.

आता पेशंट उठला की मी टाइप करणं थांबवतो,
त्याच्या दारावरल्या हाताकडे बघत राहतो.
बहुतेक जण नुसतं दार उघडतात
आणि जातात.