परत आलेला डबा

वडगावात तेव्हा जेवणाची वेळ
घड्याळ नव्हे, करंट ठरवायचा.
अकराला जावो, नाहीतर तीनला,
मागांची खडखड एकदम थांबायची
आणि कानात थोडा वेळ तशीच वाजत राहायची.
त्यातनंच मल्लाप्पा ओरडायचा,
"चला गा, भूक असो नसो, बसूया!"

चौघं आम्ही. साडी मागावर अर्धी,
खाली बारदानावर डबे.
मल्लाप्पाची कडक भाकरी, मोडली की कट्‌ वाजणारी,
आणि कारळ्याची चटणी, तेलाचा थेंब मोजून.
बस्त्यावचा पाव नि कसलीशी आंबट भाजी.
मटण असेल त्या दिवशी दस्तगीर
न सांगता हातभर लांब सरकायचा,
आणि मल्लाप्पा, गळ्यात लिंग, म्हणायचा,
"वास तरी येऊ दे की रे."
माझ्याकडे भरली वांगी,
तीन पुडांचा स्टीलचा डबा, झाकणावर कोरलेलं
सौ. हौसाबाई तारीहाळकर, वडगाव, बेळगाव.
भांडीवाल्यानं 'हौ'ची एक मात्रा विसरून
नंतर कोपऱ्यात घुसवलेली.

तोच डबा घेऊन निघालो अळणावरला,
बस्त्यावच्या भाचीचं नाव ठेवायला.
लोंढ्याला गाडी बदलायची.
उतरलो, चहा घेतला, दोन बिड्या झाल्या,
वास्कोची गाडी बोगद्यांकडं निघून गेली
तेव्हा दस्तगीर म्हणाला, "डबा?"

तिघांनी माझ्याकडं बघितलं.
मी गाडीच्या शेपटीकडं.

पुढची गाडी चार तास नाही.
फलाटावर धारवाडकडचं एक कुटुंब,
म्हाताऱ्या बाईनं गाठोडं सोडलेलं,
आमचं भांडण ऐकत असावी.
"ऊटा आतेन्री?"
आम्ही चौघं एकदम खोटं बोललो, हो म्हणालो.
तिनं ऐकलंच नाही.
हातावर भाकरी, भाकरीवर झुणका,
झुणक्यावर कच्चा कांदा बुक्कीनं फोडलेला.
"तगोरी, तगोरी."
कोण, कुठले, कुणाचे, काही विचारलं नाही.
फक्त बस्त्यावला म्हणाली, तू बारीक आहेस,
आणि त्याला दोन.

पंधरा दिवसांनी कुणीतरी गार्ड
स्टेशनवर डबा सोडून गेला.
घासलेला. आमच्या आईनंही घासला नसता इतका लख्ख.
वरच्या पुडात कोकणी छापाच्या कागदात
मूठभर सोलं, ओलसर, जांभळी.
चिठ्ठी नाही.

आईनं सोलं चार घरांत वाटली.
दस्तगीरच्या घरी ती बांगड्यात गेली,
बस्त्यावच्या आईनं नाकाला लावली नि रडली,
मल्लाप्पाच्या बायकोनं आमटीत घातली,
मग म्हणाली, चिंच बरी.
आणि आमची आई डबा पुढ्यात घेऊन बसली:
"रिकामा कसा ठेवू? परत कुणाला करू?"
पत्ता तर आमचाच होता त्यावर.
शेवटी शेजारच्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू भरून दिला,
आणि तिथनं तो जो फिरायला लागला
तो घरी फारसा टिकलाच नाही.

माग भंगारात गेले. किलोवर.
बस्त्याव फोंड्याला लेकीकडं असतो, फोनवर खोकतो.
मल्लाप्पाचे दात गेले, तरी कडक भाकरीच,
दुधात बुडवून, चिडत.

परवा दस्तगीरची नात डबा घेऊन आली.
कन्नड शाळेत जाते, झाकणावरून बोट फिरवत विचारते,
"अज्जा, हे काय लिहिलंय?"
सांगितलं. तिनं कोपऱ्यातल्या मात्रेवर बोट थांबवलं,
"हे चुकलंय."
"व्हय."
"मग आत बघा की आधी, गार व्हायलंय."

करंट गेलेला. खिडकीशी नेऊन उघडला.
वांगी.
शेंगदाणा जरा जाड राहिलेला,
मीठ कमी.
दोघांनी बसून खाल्ली.
जाताना तिला काय भरून द्यावं म्हणून
डबे धुंडाळतोय अजून.