अड्ड

खानापूरच्या आमच्या कॉलेजात मॉडेलचा एक डबा आहे,
त्यात कार्बन सात, हायड्रोजन तीनच.
बाकीचे कुठल्या बॅचच्या खिशातून गेले, देव जाणे.
म्हणून मी कौलांच्या कारखान्यामागची माती आणते,
रात्री गोळे वळते. सकाळी ते तडकलेले असतात.
तडकलेल्या कार्बनांवर शिकवायची सवय झालीय.

पुस्तक इंग्रजीत.
दहावीपर्यंत निम्मी पोरं मराठीत होती, निम्मी कन्नडात,
अकरावीत सगळी सारखीच गप्प.
मी एक ओळ तीनदा म्हणते,
तिसऱ्यांदा माझ्या मोडक्या कन्नडात,
तेव्हा पहिल्या बाकावरची निंगव्वा वहीत तोंड लपवते.

"हे बघा, सिग्मा. समोरासमोर.
दोन ढग नाकाला नाक लावून एकमेकांत शिरतात,
दोन अणूंच्या मधोमध, सरळ रेषेत.
हा बंध घट्ट."
निंगव्वा पुटपुटते, "गट्टि."
मागून ओरडा: "गट्टी! कुणाची गं कुणाशी?"
यात हसण्यासारखं काय, तिला कळत नाही.
तिच्याकडे गट्टि म्हणजे दगड, नीट भाजलेलं कौल.
यांच्याकडे मधल्या सुट्टीत वाटून खाल्लेली चिंच.
मी दोन्ही फळ्यावर लिहिते,
एक ऱ्हस्व, एक दीर्घ.

"आता पाय."
इथे दरवर्षी हशा होतो. होऊ देते.
"पाय बंध समोरून येत नाही.
दोन्ही ढग उभेच राहतात, कुशीला कूस लागते,
थोडी वर, थोडी खाली.
मधल्या रेषेवर काहीच नसतं. हा बंध म्हणजे..."
शब्द सापडत नाही.
"अड्ड?" निंगव्वा.
हो गं. अड्ड. आडवं.
इतकी वर्षं शिकवतेय, हे कानावर कसं पडलं नाही?

सातेरीचे वडील उद्यमबागेत गॅस वेल्डिंग करतात.
"मॅडम, ॲसिटिलीनला किती पाय?"
"दोन. आणि एक सिग्मा."
तो वहीत तीन रेघा ओढतो,
मधली गिरवून जाड करतो. मी सांगितलेलं नसतं.
"बाबांच्या मनगटावर डाग आहे," म्हणतो.
तास संपायला सात मिनिटं. मी पुढे विचारत नाही.

शेवटी ब्रोमीनचं पाणी,
त्यात घरून आणलेलं शेंगतेल.
हलवता हलवता तपकिरी रंग निघून जातो.
"कोण तुटलं?"
"पाय!"
"आणि सिग्मा?"
"तसाच."

मातीच्या दोन गोळ्यांत दोन काड्या खोचलेल्या.
(खरं तर हे खोटं आहे, दोन्ही काड्या सारख्याच दिसतात,
पण मातीला ढग कसे चिकटवायचे?)
निंगव्वा गोळा फिरवून बघते, फिरत नाही.
एक काडी उपसते.
गोळा गर्रकन फिरतो, थोडी माती बाकावर सांडते.
"म्हणजे पाय तुटला," सातेरी सावकाश म्हणतो,
"की मग फिरता येतं?"
यावेळी कुणी हसत नाही.
मला "हो" म्हणायला जरा वेळ लागतो.

घंटा. पुढचा तास गणिताचा.
सर येतात, घाईत फळा पुसतात,
कोपऱ्यात "ट्ट" तेवढा राहून जातो.
वेलांटी ऱ्हस्व होती की दीर्घ,
दारातून आता सांगता येत नाही.