मुद्देमाल नाही

पंचवटीतल्या मठाच्या ओसरीवर
भिंतीवरची पर्वणी धुवायला
पुण्याहून शलाका मॅडम आल्यात.
कापसाचा बोळा, बशीत कसलंसं पाणी,
दिवसाला वीतभर भिंत.
मी रात्रपाळीचा वॉचमन, पण दुपारीच येऊन बसतो.
घरी तरी काय आहे.

आधी हत्ती निघाला. मग छत्र, निशाण,
मग शिंग फुंकणारा, त्याचे गाल अजून फुगलेले,
दोनशे वर्षं श्वास धरून.
मग जटा, भस्म, पालखी,
आणि दोन्ही काठांवर माणसंच माणसं,
वाऱ्यानं बाजरी कलावी तशा
सगळ्यांच्या माना एकाच अंगाला.

बुधवारी मॅडम म्हणाल्या,
गांगुर्डे, जरा इकडे या. हा काय करतोय?

खालच्या कोपऱ्यात बोटभर माणूस.
मळकं मुंडासं, खांद्यावर उपरणं,
उपरण्याखालून निघालेला हात,
हाताची दोनच बोटं.
मी चष्मा पुसला.
म्हटलं, मॅडम, हा कामावर आहे.

पुढं तो सावकार, त्याच्या कमरेला कसा.
शेजारी म्हातारी तोल गेल्यासारखी,
ती यांच्यातलीच. धक्का तिचा, हात याचा,
आणि ती टोपलीवाली पोर, माल तिच्याकडे जाणार.
तिघांशिवाय हे जमत नाही.
चित्रकाराला कुणी सांगितलं हे?
का त्याचाच कसा गेला होता?

सदतीस वर्षं नोकरी. भद्रकाली, सरकारवाडा, मग इथं.
तीन सिंहस्थ.
रामकुंडावर माझी ड्यूटी नेहमी अशी,
कुंडाकडे पाठ, गर्दीकडे तोंड.
चेहऱ्यात गुंतू नको, जमादार सांगायचे,
कोपरं बघ, कमरा बघ.
सगळं गाव जिकडं बघतं
तिकडं ज्याची मान वळत नाही, त्याला धर.

असाच धरला होता मुरल्या नखवाला.
करंगळीचं नख राखलेलं, त्याला पातं लागायचं नाही.
चौकीत चहा पिता पिता म्हणाला,
साहेब, आज साधू नाचत आले म्हणे.
म्हटलं, असतील.
तो हसला.
म्हणजे तुम्हीपण नाही बघितलं.

भिंतीला नाक लावून मी परत पाहिलं.
पालखीतल्या देवाचा चेहरा
चित्रकारानं दोन टिंबांत उरकलाय.
छत्राला झालर आहे, पण घाईची.
या दोन बोटांना मात्र नखं आहेत.
एका केसाच्या कुंचल्यानं काढलेली नखं.
म्हणजे तोही उभा होता कुठंतरी
पाठमोरा.

नेमका कशापाशी चुन्याचा टवका उडालाय.
दोरी तुटली होती की शाबूत, कळत नाही.
मॅडम विचारतात, काय दाखवू? तुमचा अंदाज?
मी म्हणालो, मॅडम, पंचनाम्यात
जे दिसलं तेवढंच लिहायचं.
फिर्यादी नाही, मुद्देमाल नाही.
त्यांनी तिथं कोरा चुना भरला,
सुपारीएवढा.

रात्री टॉर्च मारतो तेव्हा
शिंगवाला श्वास धरून असतो
आणि हा बोटं धरून.
मी म्हणतो, कर तुझं. मी रिटायर झालो.

परवा सकाळी पाळी संपल्यावर
पहिल्यांदाच घाट उतरलो, आंघोळीला.
शर्ट काढला, पँट काढली, घडी केली,
घडीत पाकीट. पाकिटात पेन्शनचे साडेतीन हजार.
पायरीवर ठेवलं आणि तसाच उभा राहिलो.
शेजारी एक पोरगं कणसं भाजत होतं.
म्हटलं, लक्ष ठेव रे.
ते निखारे फुंकत होतं, त्यानं मान वर केली नाही.

बुडी मारताना डोळे मिटावे लागतात.
इतक्या वर्षांत हे माहीत नव्हतं.
मिटले.