डबल शेअरिंग

बेळगाव स्टँडवरून रिक्षा, मग खडेबाजारातला लॉज.
काउंटरवरच्या परशरामनं रजिस्टर फिरवलं माझ्याकडे:
कुठून आलात, कुठे जाणार, कशासाठी.
शेवटच्या रकान्यात मी लिहिलं, भुंगेरे.
त्यानं वर पाहिलं.
'तुरीला लागतात ते,' म्हटलं, 'उद्या त्यावर बोलायचंय. सात मिनिटं.'
'सात मिनिटासाठी चिपळूणधरनं आलासा?'
आणि किल्ली दिली, लाकडी ठोकळ्याला बांधलेली,
पर्समध्ये मावू नये म्हणूनच केलेली.

दोनशे सात. दार उघडंच.
खिडकीकडच्या खाटेवर महानंदा हुक्केरी, बैलहोंगलच्या,
पाय वर घेऊन शेंगा सोलत बसलेल्या.
'बर्री, बर्री,' म्हणाल्या,
जणू त्यांचंच घर आणि मी उशिरा पोचलेली पाहुणी.
त्यांचा निबंध ज्वारीच्या पेवांवर.
म्हणजे त्यांचं धान्य आणि माझा किडा
एकाच सत्रात, चहानंतर.
त्यांचं मराठी निपाणीच्या आत्याकडचं, सुट्ट्यांपुरतं.
माझं कन्नड, शून्य.

रात्रीच्या जेवणाची गुलाबी कूपनं होती,
एसी हॉल, लाल रश्श्यात पोहणारं पनीर,
कुठल्याही गावच्या सेमिनारात भेटतं तेच,
बदलीवर आलेल्या साहेबासारखं.
महानंदाबाईंनी कूपन नाकाशी धरलं, हुंगलं,
आणि चपला घातल्या.

तीन पायऱ्या उतरून खानावळी.
पापडासारखी कडक रोट्टी, मग मऊ रोट्टी,
तेलात मुरलेलं वांगं, शेंगांची चटणी, त्यावर दही,
आणि कच्ची मेथी, नुसती धुतलेली, देठासकट.
मी सवयीनं डाळ चमच्यानं ढवळून पाहिली.
'किडा शोधता?' बाई म्हणाल्या. 'आज सुट्टी द्या त्याला.'

एकतीस वर्षं पळी माझ्या हातात.
कोणाला काय हवं, कोणाचं पान रिकामं,
हे मी पाठीनंसुद्धा ओळखते.
आणि इथे एक मुलगा, मिसरूडही न फुटलेला,
माझ्याच ताटावर वाकून विचारतोय, 'रोट्टी हाकलेनरी?'
मी म्हटलं, पुरे.
तो पळत आत गेला.
दोन पुऱ्या घेऊन आला, टम्म फुगलेल्या.
पुरे, पुरे, मी हात आडवा धरला.
आणखी दोन.

महानंदाबाई हसताना ठसका लागून लाल झाल्या.
'साकु म्हणा हो, साकु!'
म्हटलं. मुलगा थांबला.
इतकं सोपं होतं ते.
पुऱ्या आम्ही दोघींनी संपवल्या, चारही.

रात्री घरून फोन: तूरडाळ कुठल्या डब्यात?
दुसरी फळी, मागे, कडुलिंबाचा पाला असलेला.
आणि हिंग? आणि कुकरची ती रिंग?
पलीकडे बाई घोरत होत्या,
जात्याच्या चालीवर, मध्येच एक खडा आल्यासारख्या.
मी फोन उशीखाली सरकवला.
तो तिथे आणखी दोनदा गुरगुरला.

सत्रात अध्यक्षांनी साडेपाच मिनिटांतच घंटी वाजवली.
भुंगेरीनं नुकतीच अंडी घातली होती, स्लाइड सहा.
पहिल्या रांगेत महानंदाबाईंचे ओठ हलले.
शब्द ऐकू नाही आला, पण ओळखला,
आणि तरी मी सगळ्या अकरा स्लाइड दाखवल्या.

निघताना परशराम म्हणाला, 'झाले काय तुमचे भुंगे?'
बाईंनी हातात एक पुडी कोंबली,
पेवातली ज्वारी, अभ्यासाला.

कोगनोळीला बस थांबली.
लोक चहाला उतरले. मी पुडी उघडली.
दाण्यांतून एक वर आला, तपकिरी, लांब सोंडेचा.
माझा नव्हे हा, माझे बिनसोंडेचे.
हा बाईंच्याकडचा.
पर्समध्ये ते गुलाबी कूपन होतं, भोजन, एक व्यक्ती.
त्याच्यासमोर धरलं.
तो कडेपर्यंत आला, सोंड हलवत थांबला,
आणि मग चढला.