मापाची वही

इरव्वाच्या दुकानात, साखर पेठेच्या बोळात,
माझं माप अजून पान बावन्नवर आहे.
उंची चौदा, छाती छत्तीस, बाही आठ,
आणि कोपऱ्यात तिच्या बारक्या अक्षरात:
‘पुढून सैल. पाजते आहे.’

पंधरा वर्षं झाली त्या ओळीला.

परवा भर उन्हात गेले, चपलेला डांबर चिकटत होतं.
पिशवीतून सहा झंपर काढून ठेवले.
म्हटलं, लहान करून दे.
म्हणाली, किती?

अम्मा विड्या वळायची.
सूप मांडीवर, पानं ओली, हजाराचा हिशेब तोंडात.
गाठ तिनं सुपाच्या आड लपवली, दीड वर्ष.
त्रेचाळिसाव्या वर्षी गेली.
पिन्नी चाळिसाव्या.
अक्का सदतीस.
मी अडतीस,
आणि मला काहीही झालेलं नव्हतं.

पुण्याहून कागद आला.
डॉक्टरीण बाई म्हणाल्या, तुमच्यासारख्या शंभर जणींत सत्तर.
मी टॉवेलच्या कारखान्यात तपासणीला बसते,
मला शेकडा कळतो.
शंभरात सत्तर डागी निघाले तर शेठ
उरलेले तीस मोजत बसत नाही,
अख्खा गठ्ठा परत जातो.

मी गठ्ठा परत पाठवला.

पण माझ्या हातात होता तेव्हा
त्यावर डाग नव्हता एकही.
हे कुणाला सांगू?

नाना जेकार्डचे पुठ्ठे पाडायचे.
एकदा एक भोक चुकलं
आणि चाळीस चादरींवर मोर आला, मानेत तुटलेला.
नाना रात्रभर पुठ्ठा शोधत बसले, सापडला, बदलला.
माझा पुठ्ठा बदलता येत नाही.
तो माझ्यात खटखट चालूच आहे.
मी फक्त मोर यायची जागा काढून टाकली.

सासू म्हणाली, न आलेल्या पाहुण्यासाठी घर पाडलंस.
शहाळं घेऊन कुणी भेटायला आलं नाही,
आजारीच नव्हते ना मी.
आजारी नसलेल्या बाईनं
किती दिवस झोपावं, याचा रिवाज आमच्यात नाही.

श्रीहरी पहिले दोन महिने
दिवा घालवूनच आत यायचा.
माझ्यासाठी की स्वतःसाठी, विचारलं नाही.
एका रात्री लाईट आधीच गेलेली,
त्यानं अंधारात हात ठेवला, सपाट,
जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात.
मला तिथं काही कळत नाही, हे त्याला माहीत नव्हतं.
मी सांगितलं नाही.

गड्ड्याच्या गर्दीत, पाळण्यापाशी,
कुणाचं तरी तान्हं रडलं
आणि जिथं काही नाही तिथं
पान्हा चुरचुरला.
मी पदर ओढला.
ओला झाला नव्हता.

एक खरं आहे, आंघोळीला बोटं आता काही शोधत नाहीत.
अकरा वर्षं शोधत होती.
मोकळं वाटतं, खोटं कशाला बोलू.
मोकळं म्हणजे लग्नानंतर मंडप सोडलेल्या
मैदानासारखं. खुंटांचे खड्डे तेवढे.

इरव्वानं टेप पाठीवरून पुढं आणली.
हात थांबला.
कानडीत काहीतरी पुटपुटली, मला नाही, टेपलाच.
मग जुनं पान खोडलं नाही तिनं.
नवं पान काढलं,
आकडा लिहिला, मोठ्यानं वाचला नाही.
‘आतून कापूस घालू?’
म्हटलं, नको.
मग म्हटलं, निळ्याला घाल. नणंदेच्या लग्नात नेसायचंय.
बाकीच्यांना नको.

श्रावंती दारात सायकल धरून उभी होती.
तिला अजून तीन वर्षं आहेत
त्या कागदाला, हवा असला तर.
मी विचारलेलं नाही. तिनंही नाही.
तिचं पान एकशे सात,
या वर्षात दोनदा खोडलेलं.

इरव्वा म्हणाली, आलीच आहे तर पोरीचंही घेऊ का?

घे, म्हटलं.
पुढून जरा सैल ठेव.
अंग भरतंय तिचं.