थकीत

सकाळी आठला मी शेगडीत लाकूड सारते,
सोसायटीचा एकुलता कॉम्प्युटर चालू करते
आणि आधी तो शब्द बघते.
तीन वर्षं तो हिरवा होता: सक्रिय.
हिरव्याकडं कोण बघतं?
घरातल्या धडधाकट माणसाला
जेवलास का, असं कुणी विचारत नाही.

आमचं खातं दरमहा एकेचाळीस डॉलर खातं.
त्या बदल्यात ढगात कुठंतरी सांभाळतं
आमच्या खाडीचं रोजचं तापमान, खारटपणा,
आणि शिणाण्यांच्या दोरावरून
उलिसेस दर शुक्रवारी बरणीत भरून आणायचा
त्या नमुन्यातलं विष.
चिलोएला ढगांची टंचाई नाही,
वर्षाचे दोनशे दिवस ते आमच्या लाकडी कौलांवर टेकलेले.
इर्मा कारकामो विचारते, त्यातला नेमका कुठला?

फेब्रुवारीत तांबडं पाणी आलं.
नुसत्या डोळ्यांना तांबडं दिसतही नाही ते,
दिसतो तो धक्क्यावर चिकटवलेला कागद:
खाडी बंद.
दोरांवर शिणाणे टच्च भरलेले, जिवंत,
आणि कुणी हात लावायचा नाही.
बँकेनं कार्ड नाकारलं. शब्द नारिंगी झाला:
थकीत.
बिल थकलं, की भरणारी?
एकच शब्द दोघींना पुरला.

मग पत्रं आली, फार सभ्य,
पावण्यासारखी दारात उभी राहून खाकरणारी.
एप्रिलच्या चौदा तारखेला शब्द राखाडी:
निष्क्रिय.

फोनवर एक पोरगा होता, बोलण्यातून बोगोताचा वाटला.
म्हणाला, बाई, निष्क्रिय म्हणजे पुसलेलं नाही.
नव्वद दिवस आहेत. वाचता येईल. लिहिता येणार नाही.
मी म्हटलं, कळलं, आमची खाडीही तशीच आहे.
तो हसला नाही. तिकीट नंबर दिला.

खाडी उघडायला आकडे लागतात.
आकडे खात्यात.
खातं उघडायला पैसे लागतात.
पैसे खाडीत,
दोराला लटकलेले, पाण्याखाली तीन वाव.

मग मी दुकानातून चौकटींची वही आणली.
रोसामेल पडद्यावरून वाचायचा, मी लिहायची,
तीन रात्री.
शून्य टिंब आठ. शून्य टिंब सहा. एक टिंब दोन.
एवढ्या हळू, एवढ्या नीट त्यानं
आयुष्यात कधी काही वाचलं नसेल.
अकरा मार्चला तो थांबला.
त्या दिवशी आकडा नव्हता.
त्या दिवशी सगळ्या होड्या उलिसेसला शोधत होत्या.
रोसामेल म्हणाला, रेघ मार, ताई, पुढं जाऊ.
मी रेघ नाही मारली.
चौकट कोरी ठेवली आणि बाराची तारीख घातली.
बारापासूनचं अक्षर वेगळं असायला हवं होतं,
पण वहीत सगळं माझंच.

कास्त्रोच्या ऑफिसातला साहेब वही उलटीसुलटी करून म्हणाला,
याची फाइल नाही का?
आहे, म्हटलं, थकलीय.
त्यानं कुरकुरत शिक्का मारला. नवे नमुने नेले.
एकोणीस दिवसांनी धक्क्यावरचा कागद निघाला,
चिकटपट्टीचे चार कोपरे अजून तिथं आहेत.

एकेचाळीस गुणिले तीन इर्माच्या लेकीनं
पुंता आरेनासहून भरले.
शब्द परत हिरवा.
वापरकर्त्यांच्या यादीत मी आहे, रोसामेल आहे,
आणि उलिसेस. त्याच्यापुढंही लिहिलंय: सक्रिय.
नावाशेजारी काढून टाकायचं छोटंसं बटण आहे.
मला ते ठाऊक आहे, एवढंच.

शुक्रवारचे आकडे आता मी आधी पेनानं लिहिते.
इर्मा डोकावून विचारते, वहीला किती पडले?
आठशे पेसो.
दर महिन्याला?